सेकंडहँड जिप्सीचा लो-रेंज लिव्हर अडकलाय? ट्रान्सफर केस उघडायच्या आधी हे सगळं तपासा

सेकंडहँड फोर बाय फोर घेतली की पहिल्या चिखलातच कळतं की छोटा लिव्हर 4एल मध्ये (चारही चाकं जोडून जास्त जोर देणारा लो गिअर) जातच नाहीये, किंवा गेला तर परत येत नाहीये. मग गॅरेजवाला गाडीखाली न जाताच सांगतो, "ट्रान्सफर गेली, खोलावी लागेल." प्लीज थांबा. लिव्हर अडकायची बरीचशी कारणं ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधून येणारा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) बाहेरच असतात, आणि आतलं असलं तरी ते बाहेरून ओळखता येतं. आपण बाहेरून आत जायचं, एकेक कारण काढून टाकत. आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, लिव्हरवर पाइप घालून जोर लावायचा नाही, हातोडी मारायची नाही. आतला फोर्क (गिअर सरकवणारा दुतोंडी चिमटा) वाकतो तो अशाच जोराने, आणि मग जे काम फुकटात होणार होतं त्याला खरंच केस खोलावी लागते.

मी इथे जिप्सी धरून लिहितोय, कारण आपल्याकडे सेकंडहँड बाजारात सगळ्यात जास्त हातात येणारी तीच. 1985 ला आली, 1996 ला किंग आली, आणि 2019 ला शोरूममधून मिळायची बंद झाली, पण आर्मीच्या लिलावातल्या आणि खाजगी मिळून अजून भरपूर गाड्या फिरतायत, सह्याद्रीत पावसाळ्यात कुठल्याही मातीच्या रस्त्यावर एक तरी दिसतेच. जुन्या महिंद्रा जीप आणि नॉब फिरवून लो टाकायच्या गाड्यांचं शेवटी वेगळं लिहिलंय, पण मूळ तपासणी सगळ्यांना लागू होते.

आधी आत काय आहे ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, ती वेगळी आहे, चासीला रबर माउंटिंगवर लटकलेली, आणि गिअरबॉक्समधून एक छोटी शाफ्ट तिच्यात येते. तिथून एक प्रोपेलर (चाकांकडे जोर नेणारी लांब शाफ्ट) मागे आणि एक पुढे. तुमचा छोटा लिव्हर थेट या केसच्या डोक्यावर उभा आहे, मध्ये लांब रॉड-बिड काही नाही. आत दोन रेल, म्हणजे लिव्हरने पुढे-मागे सरकणारे दांडे, आहेत. एक रेल पुढचा अ‍ॅक्सल जोडते आणि सोडते, दुसरी हाय आणि लो बदलते. प्रत्येक रेल जागेवर थांबावी म्हणून स्प्रिंग आणि छर्रा बसवलेला असतो, आणि दोन्ही रेलच्या मध्ये एक इंटरलॉक असतो. हा इंटरलॉक लक्षात ठेवा, अर्धी उत्तरं इथेच आहेत. पुढचा अ‍ॅक्सल पूर्ण जोडला गेल्याशिवाय तो लो टाकूच देत नाही. कारण सरळ आहे, लो मध्ये चाकावर जाणारा जोर इतका वाढतो की तो सगळा एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर गेला तर काहीतरी तुटेल, म्हणून कंपनीने कुलूपच घालून ठेवलंय.

म्हणजे काय, तर "4एल जात नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत पुष्कळदा लो ला काहीच झालेलं नसतं, 4एच (चारही चाकं, हाय गिअर) अर्धवट लागलेला असतो आणि त्यामुळे इंटरलॉक लो ची रेल धरून बसलेला असतो. गॅरेजवाला लो चा गिअर शोधत बसतो आणि दुखणं पुढच्या रेलमध्ये.

आता तुमची तक्रार नेमकी कुठली ते ठरवा, कारण "अडकलाय" या एका शब्दात लोक पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. लिव्हर 4एच पर्यंत जातो पण पुढे दगडासारखा थांबतो, ही एक. 4एल मध्ये गेला पण बाहेर येत नाही, ही दुसरी. लिव्हर ढिला फिरतो, सगळीकडे जातो पण गाडीवर परिणाम शून्य, ही तिसरी. एन (न्यूट्रल) मध्येच अडकला आणि आता गाडी कुठल्याच गिअरमध्ये हलत नाही, ही चौथी. आणि 4एल लागतो पण चढावर जोर दिला की उडी मारून सुटतो, ही पाचवी. कागदावर लिहून ठेवा कुठली आहे, आणि इंजिन चालू असताना होतं की बंद असतानाही, थंड असताना की गरम झाल्यावर, सरळ उभी असताना की वळण घेतल्यावर, हे पण लिहा. मेकॅनिककडे जायची वेळ आलीच तर हा कागद सगळ्यात उपयोगी पडतो.

सुरुवात करायच्या आधी चाकांना दोन्ही बाजूने दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, सपाट जागेवर. हे मी उगाच सांगत नाहीये. ट्रान्सफरचा लिव्हर एन मध्ये असला की मेन गिअर पहिल्यात टाकून ठेवला तरी गाडी थांबत नाही, चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर गिअरमध्ये आहे म्हणून निवांत खाली शिरलात आणि वरून कुणी लिव्हर हलवला तर गाडी अंगावरून जाईल. गाडीखाली असताना केबिनमध्ये कुणी बसलं असेल तर त्याला बजावून ठेवा, सांगितल्याशिवाय काहीच हलवायचं नाही. जॅकवर उचलली तर स्टँड पाहिजेच, नुसत्या जॅकवर नाही.

सगळ्यात आधी इंजिन बंद करून बघा. क्लच दाबा, मेन गिअर न्यूट्रलला, आणि लिव्हर 2एच (फक्त मागची चाकं, हाय गिअर), 4एच, एन, 4एल असा शांतपणे फिरवा. नॉबवरचा नकाशा बघा पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, जुन्या गाड्यांना दुसऱ्याच गाडीचा नॉब लावलेला असतो आणि माणूस भलत्याच दिशेला जोर लावत बसतो. इंजिन बंद असताना छान जातोय आणि चालू केल्यावर कर्रर्र आवाज करतोय किंवा जात नाहीये, तर दोष क्लचचा आहे, तो पूर्ण सुटत नाही. खात्री करायची तर मेन गिअरमध्ये रिव्हर्स टाकून बघा, तिथे पण घासून जात असेल तर केबल अ‍ॅडजस्ट करा, नाहीतर क्लचचं काम काढा, ट्रान्सफरला हात लावू नका.

इंजिन बंद असतानाही 4एल जात नसेल तर लगेच घाबरू नका. हाय आणि लो च्या मध्ये मेन गिअरसारखा सिंक्रो (फिरण्याचा वेग जुळवणारी कडी) नाही, दात समोरासमोर आले की स्लीव्ह (गिअर जोडणारी दातेरी कडी) पुढे जाणार नाही, ते नैसर्गिक आहे. गाडी हाताने ढकलून थोडीशी पुढे-मागे करा आणि परत टाकून बघा. किंवा लिव्हर एन ला ठेवून, इंजिन चालू करून, मेन गिअर पहिल्यात टाका, क्लच क्षणभर सोडा, परत दाबा, मेन गिअर न्यूट्रलला आणा, दोन-तीन सेकंद थांबा म्हणजे आतलं फिरणं थांबेल, आणि मग एका दमात लिव्हर 4एल ला. यात गेला तर गाडीत दोष नाही. चालत्या गाडीत लो टाकायचा प्रयत्न करणारे बरेच आहेत, त्यांनी हे बंद करा, लो टाकताना गाडी पूर्ण उभी पाहिजे.

आता दुसरी तक्रार, लागलाय पण निघत नाही. याचं पहिलं कारण म्हणजे ट्रान्समिशन पिळून बसणं, आणि यात काहीही तुटलेलं नसतं. जिप्सीला पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, 4एच किंवा 4एल टाकला की दोन्ही प्रोपेलर एकाच वेगाने फिरायला बांधलेले. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या घेऱ्यावरून जातात, मागची छोट्या, म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचंय. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. डांबरावर किंवा काँक्रीटवर घसरायला जागा नाही, मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो, आणि स्लीव्हचे दात एकमेकांवर इतके दाबले जातात की लिव्हर हलत नाही. ओला टॉवेल पिळून दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवली तर जसं होतं तसंच. पिळलेला सोडायला उलटं फिरवावं लागतं, म्हणून स्टीअरिंग सरळ करून गाडी रिव्हर्समध्ये दहा-पंधरा मीटर सरळ मागे घ्या, अ‍ॅक्सलेटर सोडा, क्लच दाबा आणि 4एच मध्ये अडकला असेल तर चाकं फिरत असतानाच अगदी हळू वेगात लिव्हर 2एच ला ओढायचा प्रयत्न करा. 4एल मध्ये अडकला असेल तर रिव्हर्स घेऊन पूर्ण थांबा, क्लच दाबा, ब्रेक सोडा, गाडी सैल होऊन किंचित हलली की त्या क्षणी लिव्हर ओढा. तरीही नाही, तर एक चाक जॅकवर उचला. ज्या क्षणी चाक जमिनीवरून सुटेल त्या क्षणी पीळ असेल तर चाक स्वतःहून थोडं फिरून जाईल, कधी कधी चांगलाच झटका देऊन, म्हणून हात आणि तोंड लांब ठेवा. चाक फिरलं आणि लिव्हर मोकळा झाला तर निदान पक्कं, पीळ होता, बाकी काही नाही.

पण मग हेच वारंवार होत असेल, सरळ कच्च्या रस्त्यावर पण, तर टायर बघा. सेकंडहँड गाडीत हे फार सापडतं, मागे नवीन टायर आणि पुढे गुळगुळीत झालेले, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे, साइज कागदावर तीच पण घेर वेगळा. घेरात 2 टक्के फरक असला तरी 100 मीटरमध्ये 2 मीटरचा हिशोब चुकतो, तो सगळा पीळ होऊन शाफ्टमध्ये जातो. चारही टायरवर खडूने खूण करा, जमिनीवर एक पूर्ण फेरा चालवा आणि टेपने मोजा. हवा पण चारीत नीट भरून मगच मोजा. दहा मिनिटांचं काम आहे आणि यावरून विकणाऱ्याशी भावात बोलता पण येतं.

पीळ नाही, क्लच ठीक, मग लिव्हरच्या बुडाशी या. केबिनमध्ये बसून लिव्हरचं रबर बूट वर उचला. बघा लिव्हर कशाला आदळतोय का. जाड मॅट, नंतर बसवलेला म्युझिकचा कन्सोल, गंजून वर आलेला पत्रा, बुटात साचून वाळलेला चिखल, यातलं काहीही लिव्हरला शेवटच्या दोन सेंटिमीटरला अडवू शकतं, आणि तेवढं अडलं की 4एल लागत नाही किंवा अर्धवट लागून सुटतो. मॅट बाजूला काढून, बूट उचलून परत टाकून बघा, हे इतकं सोपं आहे की कुणी करत नाही. ओळखीतल्या एकाची गाडी तीन गॅरेज फिरून आली होती, शेवटी फरशीच्या पत्र्याचं भोक आणि लिव्हर यांच्यात एका बाजूला जागाच उरली नव्हती असं निघालं, कारण ट्रान्सफरचं एक माउंटिंग रबर फाटून केस एका अंगाला झुकली होती. लिव्हर केसवर उभा आणि भोक बॉडीत, केस झुकली की लिव्हरही तिरका होणारच.

म्हणून पुढची पायरी गाडीखाली, माउंटिंग रबर. टॉमीने केसला हलकं उचकून बघा, थोडी लवचिक हालचाल ठीक आहे, पण केस टुणकन उठत असेल, रबर लोखंडापासून सुटलेलं असेल, ऑइलने भिजून फुगलेलं असेल तर बदला, आणि एक गेलं असेल तर सगळीच बदला. यात अजून एक ओळखायची खूण आहे, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना खालून धाडकन आवाज येतो आणि त्याच वेळी छोटा लिव्हर केबिनमध्ये चांगला इंचभर नाचतो. लो मध्ये जोर लावल्यावर गिअर सुटतोय ही पाचवी तक्रार असेल तर आधी हेच तपासा, कारण केस झुकून लिव्हर पत्र्याला टेकला की पत्राच तो ढकलून बाहेर काढतो.

लिव्हरच्या बुडात एक बुश आणि स्प्रिंग असते. बुश झिजून संपला की लिव्हर खिचडीत चमचा फिरवल्यासारखा ढिला होतो, आणि त्याचं खालचं टोक एका रेलच्या खाचेतून निसटून दोन्हीच्या मध्येच अडकतं. तिसरी आणि चौथी तक्रार, म्हणजे ढिला फिरणं आणि एन मध्ये फसणं, बहुतेक वेळा यामुळेच असते. लिव्हर सोडवून वर काढा, टॉर्च मारून आत बघा, दोन खाचा दिसतील. त्या एका रेषेत नसतील तर लांब स्क्रू ड्रायव्हरने हलकेच एकेक रेल सरकवून बघा. हाताच्या साध्या जोराने टिक असा आवाज होऊन रेल पुढच्या खाचेत बसली पाहिजे. लिव्हरशिवाय रेल नीट सरकतायत म्हणजे केस एकदम तंदुरुस्त, दोष फक्त लिव्हरचा, बुश आणि स्प्रिंग नवीन टाका आणि विषय संपला. हे करताना आत माती पडू देऊ नका, बुटाखालची जागा आधी ब्रशने आणि चिंधीने साफ करा, आणि बोल्ट-वॉशर त्या भोकात पडू नये म्हणून कापड भरून ठेवा.

स्क्रू ड्रायव्हरने एक रेल सरकते आणि दुसरी नाही, तर आता इंटरलॉकचा विचार करा. पुढच्या अ‍ॅक्सलची रेल पूर्ण 4एच ला गेलीये का? डॅशवरचा फोर व्हील ड्राइव्हचा दिवा काय म्हणतोय ते बघा, पण तो दिवा केसवरच्या एका स्विचने लागतो आणि तो फक्त पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याचं सांगतो, लो बद्दल काहीच बोलत नाही. शिवाय जुन्या गाडीत त्याची वायर तुटलेली असायची शक्यता भरपूर. म्हणून हाताने तपासा. गाडीला फ्री व्हील हब (पुढची चाकं त्यांच्या शाफ्टपासून सोडवणारी कुलपं) असतील तर ते फ्री वर करा, नसतील तर पुढचं एक चाक स्टँडवर उचला. लिव्हर 4एच ला. मग खाली जाऊन पुढचा प्रोपेलर हाताने फिरवा. किंचित खेळ सोडून तो फिरायला नको, कारण तो मागच्या प्रोपेलरला आणि जमिनीवरच्या चाकांना बांधला गेलेला असायला हवा. गरागरा फिरत असेल तर 4एच लागलेलाच नाही, आणि मग 4एल न जाणं हा इंटरलॉक आपलं काम बरोबर करतोय याचा पुरावा आहे. तुम्हाला दुरुस्त करायचीये ती पुढची रेल, तिचा फोर्क किंवा स्लीव्ह. आणि हो, खाली गेल्यावर पुढचा प्रोपेलर जागेवर आहे ना ते पण बघा. अ‍ॅव्हरेज वाढावं किंवा आवाज कमी व्हावा म्हणून तो काढूनच टाकलेल्या गाड्या विकायला येतात.

लो खरंच लागतोय का, हे मोजायची एक पद्धत मला फार आवडते, आणि ती जिप्सीत ट्रान्सफर वेगळी असल्यामुळेच जमते. जिप्सी किंगच्या ट्रान्सफरचा रेशो हाय मध्ये 1.409 आणि लो मध्ये 2.268 आहे. म्हणजे हाय मध्ये पण ती थेट नाही, गिअरमधूनच जाते, म्हणून रस्त्यावर ट्रान्सफरचा घुंईं आवाज नेहमीच थोडा येणार, तो ऐकून गाडी नाकारू नका. आता मागचं एक चाक आणि पुढचं एक चाक स्टँडवर घ्या, बाकी चाकांना ठोकळे घट्ट, मेन गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, चावी खिशात. मागच्या प्रोपेलरवर आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या छोट्या शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. मागचा प्रोपेलर हाताने 10 फेरे फिरवा आणि दुसऱ्याला छोट्या शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. 14 च्या आसपास आले तर तुम्ही हाय मध्ये आहात, पावणेतेवीसच्या आसपास आले तर लो मध्ये, आणि छोटी शाफ्ट फिरलीच नाही तर एन मध्ये. लिव्हर कुठे आहे, नॉब काय सांगतो, दिवा काय सांगतो, सगळं विसरा, ही शाफ्ट खोटं बोलत नाही. लिव्हर 4एल वर आहे आणि मोजणी 14 येतेय म्हणजे आत लो लागलेलाच नाहीये.

इथपर्यंत बाहेरचं संपलं. आता ऑइल. आधी वरचा, भरायचा प्लग उघडा आणि मगच खालचा ड्रेन प्लग, हा क्रम कधीच उलटा करू नका, कारण ऑइल काढून टाकलं आणि मग कळलं की भरायचा प्लग गंजून बसलाय तर गाडी तिथेच राहिली. निघालेलं ऑइल स्वच्छ पांढऱ्या डब्यात घ्या. दुधाळ, कॉफीसारखं दिसतंय म्हणजे आत पाणी गेलंय. नदी-ओढ्यातून गाड्या नेणाऱ्यांच्या बाबतीत हे असं होतं, की चालून गरम झालेली केस गार पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (केसमधली हवा आत-बाहेर जायची वाट) बंद असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. मग गाडी महिनोन्‌महिने 2एच मध्येच चालते किंवा नुसती उभी राहते, छर्रे आणि स्प्रिंगच्या भोकांत पाणी साचून गंज धरतो आणि रेल जाम. आपल्याकडे लो अडकायचं हे मोठं कारण आहे, लोक चार महिने पावसात गाडी चिखलात घालतात आणि उरलेले आठ महिने त्या लिव्हरला हात लावत नाहीत.

प्लगवरचा किंवा डब्यातला गाळ चुंबकाने बघा. बारीक करडी पेस्ट चालते, ती वर्षानुवर्षांची झीज आहे. दाताचे तुकडे, नखासारखे चमकणारे कपचे निघाले तर केस खोलायला पर्याय नाही. ऑइल फारच घट्ट, मधासारखं निघालं तर संशय घ्या, आवाज लपवण्यासाठी 90 नंबरच्या जागी 140 नंबरचं ऑइल भरून गाडी विकणारे आहेत, आणि त्या घट्टपणामुळे सकाळी थंडीत लिव्हर जड होतो, गाडी गरम झाल्यावर बरा होतो. मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच ग्रेडचं ऑइल लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, पाणी निघालं असेल तर नवीन ऑइल घालून थोडं चालवून परत एकदा बदला, आणि ब्रीदर साफ करा, जमलं तर त्याला पाइप जोडून वर बॉनेटपर्यंत न्या.

गंजामुळे जाम असेल तर ऑइल बदलल्यावर दोन-चार दिवस रोज, उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, लिव्हर हाताच्या जोरानेच पुढे-मागे करत राहा. बऱ्याच गाड्या इथे मोकळ्या होतात. तरी नाही झाली तर छर्रे आणि स्प्रिंगचे बाहेरचे प्लग उघडता येतात. एका वेळी एकच उघडा, स्प्रिंग आणि छर्रा चुंबकाने बाहेर घ्या, क्रमाने कापडावर मांडून ठेवा, मोबाइलने फोटो काढा. स्प्रिंग तुटलेली, छर्रा गंजून खडबडीत झालेला किंवा भोकात घट्ट बसलेला सापडला तर साफ करून नवीन टाका. इंटरलॉक काढून टाकायचा सल्ला काही लोक देतात, म्हणजे लो विना-फोर-व्हील पण टाकता येईल. दुहेरी लिव्हर बसवणारे हौशी लोक ते करतात, पण ते काय करतायत हे त्यांना माहीत असतं. दुरुस्ती टाळायला म्हणून इंटरलॉक काढू नका.

हे सगळं करून रेल स्क्रू ड्रायव्हरने पण हलत नाही, किंवा हलते पण मोजणी बदलत नाही, तर फोर्क वाकलाय, फोर्क रेलवरून सुटलाय किंवा स्लीव्हचे दात गोल झालेत. लो लागून सुटतोय आणि माउंटिंग नवीन आहेत तरीही, तर दात किंवा छर्‍याची स्प्रिंग. आता केस खाली काढा. जिप्सीत गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही ही तिची कृपा, ऑइल काढून, प्रोपेलरच्या फ्लँजवर जुळणीच्या खुणा करून तिन्ही शाफ्ट सोडवायच्या, स्पीडोमीटरची केबल, दिव्याची वायर, लिव्हर, आणि शेवटी माउंटिंग. केस जड आहे, छातीवर झेलायच्या भानगडीत पडू नका, खाली जॅक द्या आणि दोघं जण करा. प्रोपेलरच्या खुणा विसरलात तर परत जोडल्यावर गाडी थरथरेल आणि मग तुम्ही दुसराच दोष शोधत बसाल.

रानात असतानाच 4एल मध्ये अडकली आणि घरी जायचंय, तर हब असलेल्या गाडीत पुढचे दोन्ही हब फ्री करा. पुढची चाकं सुटली की पीळ बसत नाही, गाडी मागच्या अ‍ॅक्सलवर लो मध्ये हळूहळू जाईल, फक्त चढावर अ‍ॅक्सलेटर हलक्या पायाने, कारण सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर आहे. हब नसतील तर पुढचा प्रोपेलर फ्लँजला सोडवून गाडीत टाका, दोन पाने असले तरी होतं. एन मध्ये अडकली असेल तर वर सांगितलेली लिव्हर काढून स्क्रू ड्रायव्हरने रेल सरकवायची पद्धत, म्हणून तो लांब स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च गाडीत ठेवाच.

जुनी महिंद्रा जीप असेल, सीजे किंवा 540 वाली, तर तिथे दोन लिव्हर आहेत, एक पुढच्या अ‍ॅक्सलचा, एक हाय-लो चा, लो चा रेशो 2.46, आणि इंटरलॉकचा नियम तोच. फरक असा की तिथे रेलची टोकं केसच्या बाहेर उघडी असतात, त्यावर चिखल वाळतो, गंज धरतो आणि ते खडबडीत टोक सीलमधून आत जातच नाही. शिवाय दोन्ही लिव्हर एका आडव्या पिनवर फिरतात आणि ती पिन ग्रीस न मिळाल्याने जाम होते, मग एक लिव्हर हलवला की दुसरा पण सोबत ओढला जातो आणि इंटरलॉक दोघांनाही धरतो. वायर ब्रश, गंज सोडवायचं स्प्रे, एक रात्र भिजत ठेवा, मग पिन फिरवून मोकळी करा आणि ग्रीस भरा. बहुतेक जीप एवढ्यावर सुधारतात.

नॉब फिरवून लो टाकायच्या गाड्या, स्कॉर्पिओ फोर बाय फोर वगैरे, तिथे रेल हलवायचं काम मोटर करते. गाडी उभी, मेन गिअर न्यूट्रल, क्लच किंवा ब्रेक दाबलेला, या अटी पूर्ण नसतील तर ती लो टाकणारच नाही, आणि मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीच्या अटी वाचा. अटी पूर्ण करून नॉब फिरवा आणि एकाला खाली कान लावायला सांगा. मोटरचा घुर्र आवाज आला आणि दिवा लुकलुकत राहिला तर दात जुळले नाहीत किंवा पीळ आहे, गाडी थोडी पुढे-मागे घ्या. आवाजच नाही तर फ्यूज, रिले, बॅटरीचा व्होल्टेज, क्लचचा स्विच, आणि मोटरचा कनेक्टर बघा, त्यात पाणी आणि हिरवट गंज सापडायची शक्यता सगळ्यात जास्त. कनेक्टर साफ करून बघितल्याशिवाय नवीन मोटर विकत घेऊ नका, ती स्वस्त नाहीये.

आणि अजून गाडी घेतली नसेल, बघायला चालला असाल, तर मालकाला सांगा मला गवतावर किंवा मातीवर लो टाकून दाखवा. डांबरावर दाखवतो म्हणाला तर नको म्हणा. थंड इंजिनवर एकदा आणि अर्धा तास चालवून एकदा, दोन्ही वेळा 2एच ते 4एल आणि परत, रिव्हर्समध्ये पण. "हा लिव्हर आम्ही कधी वापरलाच नाही" असं कौतुकाने सांगितलं तर खडू, टेप आणि टॉर्च काढून गाडीखाली शिरा आणि वर सांगितलेली शाफ्टचे फेरे मोजायची तपासणी तिथेच करून घ्या, भाव ठरायच्या आधी.